इंजिनिअरिंग कॉलेजच्या संस्थाचालकांना खुलं पत्र: होर्डिंगवर हायेस्ट नको, मीडियन लावा

माननीय संस्थाचालक, प्राचार्य आणि टीपीओ (प्लेसमेंट बघणारे) सर-मॅडम,

स. न. वि. वि.

सीईटीचा निकाल लागला की आठ दिवसांत तुमची होर्डिंग लागतात. एसटी स्टँडसमोर, बायपासच्या तोंडाला, क्लासेसच्या बाहेर. एक मुलगा किंवा मुलगी कोट घालून हसतेय, खाली मोठ्ठ्या अक्षरात हायेस्ट पॅकेज अमुक लाख, आणि त्याच्याखाली पंचवीस-तीस कंपन्यांचे लोगो, त्यातल्या निम्म्या तुमच्याकडे शेवटच्या कधी आल्या होत्या हे तुमच्या टीपीओलाच विचारा. बारावी झालेला पोरगा आणि त्याचा बाप गाडी बाजूला लावून त्या बोर्डाचा फोटो काढतात, रात्री घरात चर्चा होते, कोणीतरी मामा म्हणतो आयटीलाच टाक, आणि एफडी मोडून नाहीतर सोसायटीचं कर्ज काढून ॲडमिशन होते. हे पत्र त्या बोर्डाबद्दल आहे. म्हणजे सुरुवात तिथून आहे, पुढे जरा लांब जाणार आहे, पण वाचा.

मी पुण्यात आयटीत आहे, बरीच वर्षं झाली. कंपनीकडून कॅम्पस ड्राइव्हला, म्हणजे कॉलेजात पोरं निवडायला येतो, कधी पुण्यात, कधी सोलापूर-कोल्हापूरकडे, कधी मराठवाड्यात. स्वतः असल्याच एका विनाअनुदानित कॉलेजातून पास झालोय त्यामुळे आतली गंमत माहितीये, सबमिशनच्या आदल्या रात्री काय चालतं आणि कोर्सला दर्जाचा शिक्का देणाऱ्या एनबीएची कमिटी येणार म्हटल्यावर लॅबला अचानक रंग का लागतो हे मला कोणी सांगायला नको. ड्राइव्ह संपल्यावर चहा घेताना तुम्ही सगळे एकच वाक्य बोलता, 'सर, सध्या मार्केट डाऊन आहे, पुढच्या वर्षी उठेल.' २०२३ ला पण हेच, २०२४ ला पण हेच, २०२५ ला पण हेच. चहा घेता घेता याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहितोय. मला वाटतं मार्केट उठेलही, पण तुमच्या पोरांनी ज्या पायरीवर पहिला पाय ठेवला असता ती पायरीच आता अरुंद होत चाललीये, आणि तुमचं होर्डिंग अजून तीच पायरी विकतंय.

थोडं मागे जाऊ. १९८३ ला वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी सीओईपी, व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, कराड, औरंगाबाद, अमरावती अशी मोजकीच कॉलेजं होती आणि ज्यांना जागा मिळायची नाही ती पैसेवाल्यांची पोरं डोनेशन देऊन कर्नाटकात जायची. दादांचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही, तो झाला नसता तर आमच्यासारखे कित्येक जण इंजिनिअर झालेच नसते. कॉलेजं तर निघाली, पण एवढ्या इंजिनिअरांना काम कुठलं हा प्रश्न होताच, आणि तो सोडवला भलत्याच ठिकाणी. १९९१ ला सरकारचं एसटीपीआय (सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क) आलं, सॅटेलाइट लिंकने कोड परदेशात पाठवता यायला लागला. मग वायटूके आलं. अमेरिकेतल्या बँका आणि विमा कंपन्यांच्या जुन्या कोबॉल प्रोग्रॅममध्ये सालाचे फक्त शेवटचे दोन आकडे लिहिलेले, २००० उजाडलं की मशीन त्याला १९०० समजणार, म्हणून तो कोड ओळ न् ओळ तपासायला माणसं हवी होती, स्वस्त हवी होती, इंग्रजी येणारी हवी होती, आणि तिकडे रात्र असताना इकडे जागी असणारी हवी होती. ती आपल्याकडे होती. तेव्हापासून पुण्यात हिंजवडी, मगरपट्टा, खराडी ही आयटीची ठाणी.

या धंद्याचं गणित फार साधं होतं. वर दोन-चार आर्किटेक्ट, मध्ये लीड, आणि खाली फ्रेशर्सची, म्हणजे नुकत्याच पास झालेल्या पोरांची फौज. क्लायंटला तासाच्या हिशोबाने डॉलरमध्ये बिल जायचं, खाली फ्रेशर जितके जास्त तितका कंपनीचा फायदा जास्त. म्हणून कंपन्या कॉलेजात येऊन शेकड्याने पोरं उचलायच्या, आणि मुख्य म्हणजे ब्रँच बघायच्या नाहीत. मेकॅनिकल, सिव्हिल, केमिकल, प्रॉडक्शन, कोणीही चालेल, साठ टक्के असू द्या, बॅकलॉग नको, ॲप्टिट्यूड पास झाला पाहिजे, बाकी आम्ही मैसूरला नाहीतर तिरुवनंतपुरमला नेऊन काही महिन्यांत शिकवून घेऊ.

इथे तुम्हाला जरा झोंबेल असं बोलतो. ज्या कंपनीला सिव्हिलवाला आणि कॉम्प्युटरवाला सारखाच चालतो तिला तुम्ही चार वर्षं काय शिकवलं याच्याशी काहीही देणंघेणं नव्हतं. तिला तुमच्याकडून चाळून दिलेली पोरं हवी होती, आणि चाळणीचं कामसुद्धा तुमच्याआधी सीईटीने करून ठेवलेलं. पंचवीस वर्षं जी प्लेसमेंट झाली तिचं श्रेय तुम्ही बोर्डावर घेतलंत, पण ती झाली डॉलरच्या जोरावर. आणि ती होतेय म्हटल्यावर लॅब, लायब्ररी, मास्तर यांच्यावर खर्च करायची गरज कोणालाच वाटली नाही, कशाला वाटेल, सीट तर भरतायत.

पगाराचं बघा. २०११ च्या आसपास मोठ्या सर्व्हिस कंपनीत फ्रेशरला सव्वातीन लाखाच्या आगेमागे मिळायचे. आज सगळ्यात खालच्या ग्रेडला टीसीएसचं ३.३६ लाख, इन्फोसिसचं ३.६ लाख. मधल्या काळात महागाई जवळपास दुप्पट झाली. तेव्हा डॉलर ४५-४६ रुपयांना होता, २०२५ च्या डिसेंबरमध्ये तो ९० च्या वर गेला. म्हणजे कंपनीला येणारा डॉलर रुपयांत दुप्पट झाला आणि खालच्या पोराचा पगार तिथेच. कंपन्या म्हणतील क्लायंट रेट वाढवत नाही, स्पर्धा आहे, वरच्या लोकांचे पगार वाढलेत, आणि त्यात तथ्य आहे. पण खरं कारण सगळ्यांना माहितीये, पगार वाढवावा लागला नाही कारण रांगेत मागे पोरं उभीच होती, आणि ती रांग तुम्ही दरवर्षी लांब करत होतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कॉग्निझंटची २.५२ लाखाची जाहिरात व्हायरल झाली तेव्हा नेटवर किती जोक झाले, मग कंपनीने खुलासा केला की हे तीन वर्षांच्या साध्या पदवीधरांसाठी आहे, इंजिनिअरला ४ ते १२ लाख देतो. खुलासा खरा असेल, पण त्यातली मेख लक्षात घ्या की जे काम पूर्वी तुमचा बीई करायचा ते आता बीएस्सी-बीसीएवाला अडीच लाखात करतोय.

आता आकडेच मांडतो. २०२१-२२ मध्ये टीसीएसने एका वर्षात १ लाख फ्रेशर घेतले, इन्फोसिसने ८५ हजार. कोविडमुळे सगळ्या जगाला एकदम ऑनलाइन व्हायचं होतं, त्यामुळे तो पूर होता, नेहमीचा पाऊस नव्हता. तुम्ही मात्र त्याच वर्षीचे लोगो अजून मिरवताय. पुढे काय झालं, ऑफर लेटर मिळालेली पोरं वर्ष वर्ष, काही तर दोन वर्षांच्या वर जॉइनिंगची वाट बघत घरी बसली, गावात लोक विचारायला लागले काय रे नोकरी लागली होती ना. २०२३-२४ मध्ये टीसीएस, इन्फोसिस, विप्रो या तिघांची मिळून माणसं सुमारे ६४ हजारांनी कमी झाली. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने २ टक्के म्हणजे १२ हजारांच्या वर लोक कमी करतोय असं जाहीर केलं, त्यात भर मधल्या आणि वरच्या लोकांवर होता, आणि जुलै ते सप्टेंबर या एकाच तिमाहीत त्यांचा एकूण आकडा १९ हजारांहून जास्त खाली आला.

आणि त्याच काळात तुम्ही काय केलंत? तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या म्हणवणाऱ्या कॉलेजांना एका ब्रँचला किती सीट घ्यायच्या याची मर्यादा काढून टाकली आणि तुम्ही कॉम्प्युटर आणि एआय-डीएस, एआय-एमएल अशा एआयच्या ब्रँचच्या तुकड्यांवर तुकड्या वाढवल्या. राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या जागा आता दोन लाखांच्या घरात आहेत. मेकॅनिकल, सिव्हिलच्या सीट सरेंडर करून त्याच मास्तरांना एआय शिकवायला उभं केलं, काल थर्मोडायनॅमिक्स शिकवणारे सर आज न्यूरल नेटवर्क शिकवतायत, बिचारे रात्री यूट्यूब बघून सकाळी लेक्चर घेतात. त्यांची चूक नाही. कित्येक जण सीएचबीवर आहेत, म्हणजे तासाचे पैसे, तेही वेळेवर नाहीत. ज्याला स्वतःलाच नोकरीची खात्री नाही तो मुलांना करिअर गायडन्स देतोय हे तुमच्या संस्थेचं चित्र आहे आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहितीये.

पायरी अरुंद होतेय म्हणजे नक्की काय होतंय ते माझ्या टीममधलंच सांगतो, कारण एआय एआय सगळे ओरडतात पण काम कुठे गेलं ते कोणी सांगत नाही. पूर्वी फ्रेशर आला की पहिलं वर्ष-दीड वर्ष त्याला ठरलेलं काम द्यायचो. टेस्ट केसेस लिही, छोटे बग फिक्स कर, रिपोर्टमध्ये एक कॉलम वाढव, डॉक्युमेंट अपडेट कर, सपोर्टची तिकिटं बघ. काम कंटाळवाणं, पण ते करता करता त्याला सिस्टीम कळायची, क्लायंट कळायचा, कुठे हात लावायचा नाही ते कळायचं. आज हेच काम एआय टूल करतं, फार भारी करतं असं नाही, चुकतंही, पण माझ्या टीममधली पाच-सहा वर्षं अनुभव असलेली मुलगी ते टूल वापरून स्वतःचं काम करून वर दोन-तीन फ्रेशरचं काम संध्याकाळपर्यंत उरकते, चुका तिला दिसतात कारण तिने ते सगळं कधीतरी हाताने केलंय. क्लायंटला पण हे माहितीये. तो म्हणतो तुम्ही एआय वापरताय ना, मग बिल कमी करा. बिल कमी करायचं तर खालची फौज कमी करावी लागते. एवढा सरळ मामला आहे.

अमेरिकेतपण हेच दिसतंय. स्टॅनफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी २०२५ मध्ये तिथल्या पगाराच्या नोंदी तपासल्या, एआयचा सगळ्यात जास्त परिणाम होणाऱ्या कामांमध्ये २२ ते २५ वयाच्या पोरांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्के घसरलेला निघाला, आणि त्याच कामातल्या अनुभवी लोकांना तसा धक्का नाही. म्हणजे म्हातारे वाचले, पोरं अडकली. यात कंपन्यांचाही आंधळेपणा आहे, आज फ्रेशर घेतले नाहीत तर दहा वर्षांनी सीनियर आणणार कुठून, पण तिमाहीचे आकडे बघणाऱ्याला दहा वर्षं दिसत नाहीत. तो राग मी आमच्या लोकांवर वेगळा काढेन, आज तुमच्याशी बोलतोय.

उलटही उदाहरणं आहेत, ती लपवायची नाहीत. स्वीडनची क्लार्ना म्हणून गिऱ्हाइकाला खरेदीचे पैसे हप्त्याने भरू देणारी कंपनी आहे, २०२४ मध्ये तिने जाहीर केलं की आमचा एआय असिस्टंट ७०० माणसांचं कस्टमर केअर करतोय, सगळ्या जगात बातमी झाली, आणि २०२५ मध्ये क्वालिटी पडली म्हणून परत माणसं घ्यायला लागली. तेव्हा सगळं संपलं असं कोणी सांगत असेल तर तोही थापाच मारतोय. पण परत घेतलेली माणसं ही पूर्वीसारखी स्क्रिप्ट वाचणारी नसतात, गुंतागुंतीची भानगड सोडवणारी लागतात.

आणि आपण एकटे नाही. मनिलाच्या कॉल सेंटरमधल्या पोरी याच काळजीत आहेत, फिलिपिन्समध्ये त्या धंद्यावर १८ लाखांच्या आसपास लोक जगतात. नैरोबीत तर अजून वाईट, ज्या एआयबद्दल आपण बोलतोय त्याला चांगलं-वाईट शिकवायला तिथल्या पोरांनी तासाला २ डॉलरच्याही खाली घाणेरडा मजकूर वाचून लेबल लावले, २०२३ च्या सुरुवातीला हे बाहेर आलं. इंटरनेटमुळे काम जगभर फिरतं हे खरंय, पण ते फिरताना जिथे सगळ्यात स्वस्त तिथे थांबतं, आणि आता माणसापेक्षा मशीन स्वस्त पडायला लागलं तर तिथे थांबणार. पंचवीस वर्षं स्वस्त असणं हेच आपलं भांडवल होतं. हे लिहिताना बरं वाटत नाही पण होतं ते होतं.

ऑनसाइटचं, म्हणजे परदेशात कामाला जायचं स्वप्न पण तुम्ही विकता, म्हणून तेही. २०२५ च्या २१ सप्टेंबरपासून अमेरिकेने बाहेरून येणाऱ्याच्या नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जावर १ लाख डॉलर फी लावली, म्हणजे त्या वेळच्या भावाने ८८ लाख रुपये. तुमच्या कॉलेजातून पास होणाऱ्या तेवीस वर्षांच्या पोरासाठी कोणती कंपनी ८८ लाख भरणार? फी जाहीर झाली त्या रात्री, नियम नीट कळायच्या आत, विमानतळावरून, लग्नाच्या मांडवातून लोक परत अमेरिकेला पळत होते, आमच्या ओळखीत दोघे होते. माहितीपत्रकात लिबर्टीचा पुतळा छापणाऱ्या संस्थांनी तो आता काढला तरी चालेल.

मग नोकऱ्या आहेत कुठे? आहेत ना. परदेशी कंपन्या आता मध्ये टीसीएस-इन्फोसिस न घालता स्वतःचीच ऑफिसं इथे उघडतायत, जीसीसी म्हणतात त्यांना. आयटी कंपन्यांची संघटना नॅसकॉमच्या हिशोबाने २०२४ मध्ये देशात १,७०० च्या वर होती आणि त्यात १९ लाख लोक. पुण्यात तर बँका, गाड्यांच्या कंपन्या, औषध कंपन्या सगळ्यांची आहेत, राज्य सरकारने २०२५ मध्ये त्यासाठी वेगळं धोरणही आणलं. पगार चांगला, काम चांगलं. पण ही मंडळी शेकड्याने पोरं उचलत नाहीत. ती आठ घेतात, पंधरा घेतात, ठरावीक कॉलेजात जातात, आणि चाळून घेतलेला चालेल असं म्हणत नाहीत, येतंय का दाखव म्हणतात. इथे पहिल्यांदा तुम्ही काय शिकवलं हा प्रश्न खराखुरा विचारला जातोय.

आणि तिथे काय होतं ते मी टेबलाच्या या बाजूने बघतो. रेझ्युमे उघडला की प्रोजेक्ट ठरलेले, चेहरा ओळखून हजेरी, पिकावरचा रोग ओळखणे, चॅटबॉट, हार्ट डिसीज प्रेडिक्शन. एकाच कॉलेजात एकाच दिवशी एकच प्रोजेक्ट तीन ग्रुपकडून ऐकलाय, शब्दही तेच. विकत मिळतात हे तुम्हालाही माहितीये, रिपोर्टसकट, बाइंडिंग करून. मी हल्ली कोड लिहायला सांगतच नाही, वीस ओळींचा कोड समोर ठेवतो, एआयनेच लिहिलेला, त्यात एक चूक असते, म्हणतो वाच आणि सांग हा कुठे फसेल. शांतता. नऊ सीजीपीएवाली मुलं गप्प बसतात, आणि मला त्यांचा राग येत नाही, कारण चार वर्षांत त्यांना कोणी दुसऱ्याचा कोड वाचायला लावलेलाच नाही, ओरलला पण पाठ केलेली व्याख्या विचारली.

एक पोरगा मात्र लक्षात राहिला. पंढरपूरच्या बाजूचा, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला, इंग्रजी अडखळत. त्याच्या चुलत्याचं दूध संकलन केंद्र, तिथलं बिलाचं सॉफ्टवेअर सारखं बंद पडायचं म्हणून त्याने स्वतः लिहिलेलं. मी विचारलं दुधाच्या फॅट आणि एसएनएफवरून (फॅट सोडून बाकीचे घनपदार्थ) दर कसा काढतोस, तर त्याने दरपत्रकच कागदावर काढून दाखवलं, मग सांगितलं की संघ दहा दिवसांनी दर बदलतो, मग जुन्या तारखेचं बिल जुन्या दरानेच निघालं पाहिजे, ते पहिल्यांदा चुकलं तेव्हा शेतकरी अंगावर आले होते. लाइट गेली तर काय, दोनदा एंट्री झाली तर काय, सगळं त्याच्याकडे होतं. कोड त्याने अर्धा एआयकडूनच लिहून घेतला होता, लपवलंही नाही. मी इंग्रजीचा कॉलम रिकामा सोडला आणि त्याला घेतला. त्याला हे शिकवण्यात त्याच्या कॉलेजचा वाटा शून्य होता, उलट फायनल इयरला हाच प्रोजेक्ट करतो म्हटला तर गाइडने सांगितलं यात मशीन लर्निंग नाही, पेपर पब्लिश होणार नाही, दुसरा टॉपिक घे.

माझं म्हणणं बघा, तुमच्या कॉलेजपासून वीस किलोमीटरच्या आत साखर कारखाना आहे, दूध संघ आहे, पतसंस्था आहे, बाजार समिती आहे, त्यातल्या निम्म्या गोष्टी तुमच्याच संस्थेच्या अध्यक्षांच्या ताब्यात आहेत. तिथे रोज शंभर भानगडी आहेत ज्यांना सॉफ्टवेअर हवंय किंवा आहे ते नीट चालत नाहीये. ऊसतोडीचा प्रोग्रॅम, काटा पावती, कर्जाची थकबाकी. शेवटच्या वर्षाची पोरं सहा महिने तिथे बसवा, खरी इंटर्नशिप, हजार-दोन हजार घेऊन सर्टिफिकेट देणाऱ्या ऑनलाइन दुकानांची नाही. एआय वापरू द्या की खुशाल, लपूनछपून वापरतायतच, पण ओरल अशी घ्या की कोड कोणी लिहिला यापेक्षा तो का असा आहे हे सांगावं लागेल. याला एआयसीटीईची परवानगी लागत नाही, नवीन बिल्डिंग लागत नाही. फक्त अध्यक्षांनी एक फोन करायचाय.

आता परत बोर्डाकडे, कारण पैसे तिथे आहेत. आकडा कसा फुगवला जातो हे टीपीओ मंडळींना मी नव्याने सांगायला नको पण पालक वाचत असतील म्हणून. एका मुलीला चार ऑफर आल्या की चार प्लेसमेंट धरायच्या. शंभर टक्के काढताना खाली वर्गातली सगळी मुलं धरायची नाहीत, फक्त 'एलिजिबल' धरायची, म्हणजे बॅकलॉगवाले आणि फॉर्म न भरलेले आधीच बाहेर. पूल कॅम्पसला दहा कॉलेजं एकत्र असतात, तिथे लागलेल्या पोराची कंपनी दहाही कॉलेजांच्या बोर्डावर जाते. क्रेडिट कार्ड विकायची नोकरी, कोर्स विकायची नोकरी, कॉल सेंटर, हे पण आयटी प्लेसमेंटमध्ये. आणि पॅकेज सांगताना जॉइनिंग बोनस, दोन वर्षांनी मिळाला तर मिळणारा रिटेन्शन बोनस, सगळं मिसळून सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च.

याउलट आयआयटी मुंबईचं बघा. २०२३-२४ च्या प्लेसमेंट रिपोर्टमध्ये त्यांनी सरासरी २३.५ लाख सांगितली आणि त्याच रिपोर्टमध्ये सगळ्यात कमी पॅकेज ४ लाखाचं होतं हेही सांगितलं. पेपरवाल्यांनी हेडलाइन केली, दोन दिवस चर्चा झाली, आयआयटी काही बंद पडली नाही. त्यांना ४ लाख सांगायला लाज वाटली नाही तर तुम्हाला ३ लाख सांगायला का वाटावी?

आणि हे करायला तुम्हाला नवीन काही मोजायचं नाहीये. २०१६ पासून केंद्र सरकारचं कॉलेजांचं एनआयआरएफ रँकिंग निघतंय, त्यात भाग घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला किती घेतले, वेळेत किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मीडियन पगार किती हे लिहून द्यावं लागतं. मीडियन म्हणजे सगळ्यांना पगारानुसार ओळीत उभं केलं तर बरोबर मधल्या पोराचा पगार. हा आकडा तुमच्या वेबसाइटवर कुठेतरी पाचव्या मेनूत पीडीएफमध्ये पुरून ठेवलेला असतो. तो उचला आणि होर्डिंगवर लावा, त्याच साइजमध्ये. शेजारी ॲडमिशन घेतलेली पोरं किती आणि त्यातली नोकरीला लागलेली किती, ऑफर नाही, माणसं. भाग न घेणाऱ्यांनी स्वतःहून तोच तक्ता भरावा, कोणी अडवलेलं नाही.

तुम्ही म्हणाल आम्ही एकट्याने खरं सांगितलं तर शेजारचं कॉलेज आमच्या सीट खाऊन टाकेल. खरंय, म्हणूनच एकेकट्याला पत्र न लिहिता सगळ्यांना लिहितोय. तुमच्या संस्थाचालकांच्या संघटना आहेतच, फी वाढवायची असली, शिष्यवृत्तीचे थकलेले पैसे सरकारकडून काढायचे असले की तुम्ही सगळे एका दिवसात एकत्र येता. या एका गोष्टीसाठीही या. राज्याच्या सीईटी सेलला मी वेगळं लिहिणार आहे की कॅप राउंडला, म्हणजे सरकारी ॲडमिशनच्या फेऱ्यांना कॉलेजची यादी दाखवताना फीच्या शेजारी मीडियन पण दाखवा, पण सरकारी काम आहे, होईल तेव्हा होईल.

अजून एक. २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची ट्यूशन फी पूर्ण माफ आहे. चांगला निर्णय, त्यामुळे ज्या घरातून आजवर कोणी मुलगी तालुक्याच्या पुढे गेली नव्हती तिथल्या पोरी आता तुमच्याकडे येतायत, ड्राइव्हला मला त्या दिसतात. फी माफ असली तरी हॉस्टेल, मेस, लॅपटॉप, प्रवास घरूनच येतं, आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे बापाने चार वर्षं भावकीचं ऐकून घेतलेलं असतं. चार वर्षांनी ती पोरगी नोकरीविना घरी गेली तर तिच्या मागच्या दोन बहिणींचं शिक्षण तिथेच थांबतं. तुमच्या होर्डिंगवरच्या आकड्याची किंमत या घरात सगळ्यात जास्त मोजली जाते, आणि तुम्ही तो आकडा किती सहज छापता हे मला खरंच कळत नाही.

या वर्षी कॅप राउंड सुरू व्हायच्या आत बोर्ड बदला ही विनंती. माझ्या गावच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर मी पालकांना सांगून ठेवलंय की काउन्सेलिंगला गेलात की एसी केबिन आणि सरबत बघून भुलू नका, मागच्या बॅचची मीडियन विचारा, साठ जणांच्या वर्गातले किती जण आज कामावर आहेत ते विचारा आणि एआय शिकवणारे सर पर्मनंट आहेत की सीएचबीवर ते विचारा. तेव्हा तुमच्या काउन्सेलर मुलींना उत्तरं तयार करून द्या, त्यांना उगाच तोंडावर पाडू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तुमच्याच एका कॉलेजचा माजी विद्यार्थी, पुणे

ता. क. पालकांसाठी: एनआयआरएफच्या साइटवर किंवा कॉलेजच्या साइटवर कॉलेजने भरून दिलेल्या माहितीची पीडीएफ असते. त्यात चार वर्षांच्या यूजी (पदवी) कोर्सचा प्लेसमेंटचा तक्ता शोधा, तीन बॅचचे आकडे एकाखाली एक दिसतील. आधी ॲडमिशन किती ते बघा, त्यात डिप्लोमावाले लॅटरल एंट्रीच्या कॉलममध्ये वेगळे असतात ते मिळवा, मग नोकरीला लागलेल्यांचा आकडा त्याच्याशी ताडून बघा, पास झालेल्यांशी नाही. मीडियन पगार रुपयांत पूर्ण लिहिलेला असतो, शून्यं नीट मोजा. तो फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो, न लागलेली पोरं त्यात धरलेलीच नसतात.